मेढ्याची वेण्णा : एक शापकथा व एका महानदीचे नाव

साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरास जाणारा रस्ता वेण्णा नदीच्या खोऱ्यातून जातो. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा याच नदीकाठी वसले आहे. जावळी म्हटले की चंद्रराव मोरे व इ. स. १६५६ मधील शिवाजी महाराजांची मोहीम आठवते. नदीचे नाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे.

तिच्या उत्पत्तीची कथा पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात येते. ब्रह्मदेवाने सह्याद्रीच्या शिखरावर यज्ञ आरंभिला. मुहूर्त आला तरी ज्येष्ठ पत्नी स्वरा पोहोचली नाही. म्हणून गायत्रीस तिच्या जागी बसवून विधी सुरू करण्यात आला. मागाहून आलेल्या स्वरेने हा अपमान पाहून देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेणी म्हणजे आपली वेण्णा, आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आजची कोयना. गायत्रीने उलट शाप दिला व त्या दोघीही नद्या झाल्या. लोककथेत स्वरेऐवजी सावित्रीचे नाव घेतात.

कथेतील भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. सावित्री व गायत्री पश्चिमेस कोकणात उतरतात. कृष्णा व वेण्णा घाटमाथ्याच्या पूर्वेस वाहतात. कोयना प्रथम दक्षिणेस जाते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते व कऱ्हाडला कृष्णेस मिळते. यज्ञातील भांडण म्हणजे सह्याद्रीचा पाणलोटच होय! हा डोंगर स्वतः चढलेल्या माणसानेच ही कथा रचली असावी, असे वाटते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या पाचही नद्यांचे उगम एकत्र दाखवतात. बायबलच्या वाचकांस येथे एदेन बागेतील नदी आठवेल. तीही पुढे पिशोन, गिहोन, तैग्रिस व फरात अशी चौघींत विभागते.

साताऱ्याजवळ संगम माहुली येथे वेण्णा कृष्णेस मिळते आणि नकाशावरून तिचे नाव नाहीसे होते. प्राचीन वाङ्मयात तसे नाही. महाभारतात ‘कृष्णवेणा’ हे जोडनाव आढळते. भुवनेश्वरनजीकच्या हाथीगुंफा लेखात कलिंगाचा राजा खारवेल सांगतो की, सातकर्णीची पर्वा न करता त्याने पश्चिमेकडे सैन्य पाठविले व ते ‘कण्हबेंणा’ नदीपर्यंत पोहोचले. हा लेख साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. काही विद्वानांच्या मते ही नदी कृष्णा नसून विदर्भातील कन्हान व वैनगंगा होय, आणि कलिंगाच्या सैन्याचा मार्ग पाहता त्यांचे म्हणणे सहज टाळता येत नाही. महाभारतातील नावाविषयी मात्र आम्हांस वेण्णेचा दावा बळकट वाटतो. पुराणातही कृष्णा व वेणी यांचा उल्लेख जोडीनेच येतो.

आज मेढ्याच्या खाली कण्हेर धरणाने वेण्णेचे पाणी अडविले आहे. तेथून सुटलेले पाणी माहुलीस कृष्णेत मिसळते आणि कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते.