लाल बटणाचे घराणे

संध्याकाळी यवतमाळहून मुंबईकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बसलात तर खिडकीच्या वरच्या पट्टीकडे एकदा बघा. पडद्याच्या चुण्यांत अर्धवट लपलेले एक लाल बटण दिसेल. कुणी त्याला दिव्याचे बटण समजतो, कुणी पंख्याचे. चाणाक्ष प्रवासी त्याला पिशवी अडकवून पाहतो. खरे तर ते दाबले की गाडीचा नंबर आणि ती या क्षणी कुठे आहे याचा निरोप सरकारी नियंत्रण कक्षाकडे जावा, अशी योजना आहे. ‘जावा’ म्हणण्याचे कारण पुढे येईलच. आधी या बटणाचे कूळ बघू, कारण त्याच्या आजच्या दुखण्याचे मूळ कुळातच आहे.

मूळपुरुष लंडनचा. ९ जुलै १८६४ च्या रात्री नॉर्थ लंडन रेल्वेच्या बंद डब्यात थॉमस ब्रिग्ज नावाच्या बँकेतल्या वृद्ध अधिकाऱ्याला लुटून, मारून रुळांवर फेकण्यात आले. तेव्हाच्या डब्यांना एकमेकांत जायला वाट नव्हती आणि गार्डाला हाक मारायला साधन नव्हते. आरोपी फ्रान्झ म्यूलर जहाजाने अमेरिकेला पळाला, पोलिसांनी अधिक वेगवान बोट धरून त्याच्या आधी न्यूयॉर्क गाठले आणि त्याला उतरताच पकडले. खटला गाजला, फाशी झाली. पण प्रवाशांच्या मनातली धास्ती गेली नाही. १८६८ च्या कायद्याने इंग्लंडात लांब पल्ल्याच्या, मध्ये न थांबता धावणाऱ्या गाड्यांत प्रवाशाला गाडीतल्या कर्मचाऱ्यांपर्यंत इशारा पोहोचवता येईल अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडची धोक्याची साखळी ही त्याच वंशातली. तिच्याखालची दंडाची पाटी आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४१: विनाकारण ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रस्त्यावर हीच विद्या एसटीने वापरली. वाहकाच्या डोक्यावरून गेलेली दोरी आणि चालकाजवळची घंटी; एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मागच्या बाजूला ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे. साखळी, दोरी आणि तो मागचा दरवाजा यांच्यात एक गुण सारखा होता. ही साधने गाडीची स्वतःची होती. साखळी ओढली की गाडीचाच ब्रेक लागे. त्यासाठी बाहेरच्या कुणाच्या मेहरबानीची गरज नव्हती. लाल बटण असे काही करत नाही. ते गाडी थांबवत नाही, दार उघडत नाही. ते फक्त कळवते. आणि कळवायचे म्हटले की मधला निरोप्या लागतो. या घराण्याची गोष्ट इथून पुढे त्या निरोप्याचीच आहे.

गाडीत बसून बाहेर बोलता येणे ही कल्पना जुनी. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये पहिली सार्वजनिक मोटार-दूरध्वनी सेवा सुरू झाली. त्या यंत्रसामग्रीचे वजन ३५ किलोंच्या घरात होते. नंतर १३ ऑक्टोबर १९८३ ला शिकागोत ‘एएमपीएस’ नावाचे अ‍ॅनालॉग मोबाइल जाळे सुरू झाले. त्याच शहराच्या मोटार प्रदर्शनात १९९६ साली जनरल मोटर्सने ‘ऑनस्टार’ मांडले. आरशाजवळ दोन-तीन बटणे, त्यातले एक लाल. ते दाबले की पलीकडे माणूस बोले. एअरबॅग उघडली तर बटण दाबण्याचीही गरज नाही, गाडी आपणहून फोन लावी. बेशुद्ध चालकाच्या वतीने गाडीने बोलणे, ही खरी नवी गोष्ट. आधी महागड्या कॅडिलॅकमध्ये आलेली ही सोय हळूहळू साध्या गाड्यांत उतरली.

ते सारे बोलणे मात्र त्या अ‍ॅनालॉग जाळ्यावर चाले. गाडीत पक्के बसवलेला तीन वॉटचा फोन आणि लांबवर पोहोचणारे सिग्नल यांमुळे ओसाड भागात ते जाळे फार उपयोगी होते. पण डिजिटल जाळ्यांत त्याच लहरींवर कितीतरी जास्त ग्राहक बसतात, तेव्हा जुने जाळे कोण पोसणार? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १८ फेब्रुवारी २००८ नंतर कंपन्यांना ते बंद करायची मुभा दिली. ऑनस्टारने २००७ संपता संपता आपली अ‍ॅनालॉग सेवा गुंडाळली. ज्यांच्या गाडीत फक्त अ‍ॅनालॉग यंत्र होते त्यांची इंजिने ठणठणीत, टायर नवे, आणि लाल बटण मुके. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झाले तेव्हा याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. या वेळी कित्येक कंपन्यांच्या गाड्या त्यात होत्या.

इथेच या घराण्याचा शाप दिसतो. गाडी पंधरा-वीस वर्षे जगते. मोबाइलची पिढी दहा-बारा वर्षांत म्हातारी होते. गाडी विकणारा एक, जाळे चालवणारा दुसरा, आणि दोघांच्या करारात प्रवासी कुठेच नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. ३१ मार्च २०१८ पासून तिथे नव्या प्रकारच्या मोटारींना ‘ईकॉल’ सक्तीचे झाले. अपघात होताच गाडी ११२ ला फोन लावते आणि बोलणे सुरू होण्याआधी १४० बाइटांची चिठ्ठी पाठवते: जागा, वेळ, दिशा, गाडीचा प्रकार. गंमत म्हणजे ही चिठ्ठी इंटरनेटवरून जात नाही. फॅक्सप्रमाणे आवाजाचे सूर करून ती साध्या टूजी-थ्रीजी फोनकॉलमधूनच जाते, कारण सीमा ओलांडली तरी साधा कॉल लागतोच, हा तेव्हाचा भरवसा. पण फोरजीवर तो जुना कॉलच नसतो. तिथे आवाजही डेटाच्या पुडक्यांतून जातो. म्हणून २०२६ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना नव्या पिढीचे ईकॉल लागू झाले. दरम्यान तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी थ्रीजी आधी बंद केले आणि टूजी राखले. थोरला जिवंत, मधला गेला.

आपल्याकडेही नेमके तेच झाले. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला तो टूजीवरचा. थ्रीजी २००८ च्या अखेरीस आले, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ थेट फोरजी घेऊन उतरल्यावर त्याचे दिवस भरले. एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी आवरते घेतले. टूजी मात्र राहिले, कारण कोट्यवधी लोकांच्या खिशात साधा फोन होता. ३१ जुलै २०२० ला, त्या पहिल्या कॉलच्या पंचविसाव्या वाढदिवशी, जिओचे मुकेश अंबानी यांनी तीस कोटी ग्राहक टूजीत अडकल्याचे सांगून ते इतिहासजमा करण्याची मागणी केली. ज्यांच्याकडे टूजी नाही त्यांनीच ही मागणी करावी हे ओघाने आलेच.

लाल बटण भारतात आले ते या मधल्या काळात, आणि आले एका वेगळ्याच रस्त्याने. इथे त्याचे निमित्त अपघात नव्हता. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत खासगी बसमध्ये जे घडले, त्यानंतर प्रवासी वाहनांचा ठावठिकाणा कळला पाहिजे हा आग्रह धरला गेला. म्हणजे १८६४ सारखेच, बंद वाहनातला गुन्हा आणि मग कायदा. २०१३ मध्ये निर्भया निधी उभा राहिला. २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला: दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा सोडून प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण. म्हणजे ट्रॅव्हल्स आलीच, पण वणी-मारेगाव भागात माणसे वाहणारी काळीपिवळीही आली. मूळ तारीख १ एप्रिल २०१८, मग ती पुढे ढकलली गेली आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या वाहनांपासून अंमल सुरू झाला.

यंत्र कसे असावे हे पुण्यात ठरले. एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेले मानक ‘एआयएस-१४०’. ते वाचताना जाणवते की लिहिणाऱ्यांनी आपला देश पाहिलेला आहे. रेंज गेली तर चाळीस हजार नोंदी पोटात साठवून ठेवायच्या आणि रेंज आली की पाठवायच्या. गाडीची बॅटरी तोडली तरी आतली बॅटरी चार तास चालली पाहिजे. डेटा नसेल तर बटणाचा निरोप एसएमएसने जावा. सिमकार्ड यंत्रातच पक्के बसवलेले, कुणी काढून स्वतःच्या फोनला घालू नये म्हणून. अशा यंत्रांच्या सिमसाठी २०१८ मध्ये तेरा आकडी क्रमांक आले; तेव्हा ‘आता सगळ्यांचे नंबर तेरा आकडी होणार’ ही अफवा गावोगाव फिरली होती. ते नंबर माणसांसाठी नव्हतेच.

सुरुवातीला बाजारात आलेल्या पेट्यांतले मोडेम बव्हंशी टूजीचे होते. स्वस्त, आणि तेव्हा तरी शहाणपणाचे. टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेने किंवा झरी-जामणीच्या आडरस्त्याने जाताना फोनवरची फोरजीची खूण गळून ‘ई’ उमटते, हे त्या भागात फिरणारा सांगेल. अशा जागी टूजी हाच आधार. केंद्राने जुलै २०२२ मध्ये २४,६८० वंचित गावांत फोरजी नेण्याची योजना मंजूर केली, बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी फोरजीचे टॉवर देशभर सुरू केले. त्यामुळे चित्र बदलते आहे. पण नवा टॉवर फक्त फोरजीचा असेल, तर टूजीची पेटी त्याच्या खाली उभी राहूनही बहिरीच. रेंजच्या पाचही काड्या प्रवाशाच्या फोनवर असतील आणि बसच्या नशिबी एकही नाही.

आणि टॉवर असला तरी सिमचे पैसे भरलेले हवेत. यंत्रासोबत एक-दोन वर्षांची सेवा मिळते, पुढे नूतनीकरण. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग असते. पासिंगपुरते यंत्र जागे करायचे आणि मग विसरायचे, ही सवय आपल्याला नवी नाही. त्यात बटण दाबल्यावर निरोप ज्या कक्षात पोहोचायचा ते कक्ष उभारणे हे राज्यांचे काम, आणि ते गाड्यांच्या कितीतरी मागून आले. कित्येक बटणांना दीर्घकाळ पलीकडचे कानच नव्हते.

याचा हिशेब यवतमाळकरांना कोरडेपणाने करता येत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये नांदूरनाक्याजवळ ट्रेलरशी धडकून पेटली आणि १२ जण गेले. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली. २५ जणांचा कोळसा झाला. बटण असते तर वाचले असते, असे म्हणणे खोटे ठरेल. आगीत माणसाला दार लागते, काच फोडायला हातोडी लागते. एसटीच्या मागच्या दारावरची ती जुनी अक्षरे या बाबतीत कुठल्याही मोडेमपेक्षा कामाची आहेत. पण आडवाटेवर रात्री बस घाटात कलंडली, शुद्धीवर कुणी नाही, अशा वेळी गाडीनेच बोलले पाहिजे. आणि भारताच्या नियमात बटण आहे, ठावठिकाणा आहे, गाडीने आपणहून अपघाताचा फोन लावण्याची सक्ती मात्र नाही. ती सोय खासगी मोटारींत पैसे मोजणाऱ्याला मिळते. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्यांपासून सिम असलेल्या ‘कनेक्टेड’ मोटारींची जाहिरात जोरात सुरू झाली. योगायोग असा की ऑनस्टारच्या जन्मदात्या जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीस थंडावला आणि पुढे तो ह्युंदाईनेच घेतला. दहा-बारा लाखांच्या गाडीतल्या चौघांना जे मिळते ते चाळीस प्रवाशांच्या बसला मिळत नाही, हा उलटा न्याय आहे.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. यवतमाळच्या एमएच-२९ पाटीची जी बस आज नोंदवली जाईल ती २०४० च्या आसपासही कुठेतरी धावत असेल. तिच्यातला मोडेम टायरसारखा बदलता येण्याजोगा असावा, पासिंगला तो नुसता पाहू नये तर बटण दाबून निरोप पोहोचतो का हे तपासावे, आणि टूजी बंद करण्याची तारीख कुणी मागितली तर त्याआधी या पेट्या कोण आणि कुणाच्या खर्चाने बदलणार ते विचारावे.

तोवर प्रवाशाने एवढे करावे. बसमध्ये चढल्यावर संकटकालीन दार आणि हातोडी कुठे आहे ते पाहावे, आणि प्रसंग आलाच तर लाल बटण दाबून न थांबता स्वतःच्या फोनवरून ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ आहे. फोन लागला की आधी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा आणि गाडी कुठून कुठे चालली होती ते सांगावे.