मातीचे मावळे आणि मेजावरची लढाई

दिवाळी आठ दिवसांवर आली की महाराष्ट्रातल्या पोरांना माती दिसू लागते. एरवी हीच माती पायाला लागली म्हणून बोलणी खावी लागतात. आता ती घमेल्याने दारात येते. भिवंडीच्या कामतघरातले एखादे पोर डोळ्यांपुढे आणा. वऱ्हाळा तलाव जवळ, यंत्रमागांची खडखड कानांवर, आणि चाळीपुढची मोकळी जागा ती केवढी! तरी त्या दोन हात जागेत विटा-दगड रचले जातात, त्यांवर भिजवलेले गोणपाट पडते, वर चिखलाचा लेप आणि त्यात हळिवाची नाही तर मोहरीची पेरणी. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे राहतात, महाराज सिंहासनावर बसतात, आणि पायथ्याशी, कोणत्या न्यायाने कोण जाणे, एक वाघ आणि एक विमानही येऊन बसते.

ही फौज दिवाळीचे चार दिवस उभी असते. फौज सुरेख, किल्ला त्याहून सुरेख. पण लढाई काही होत नाही. भाऊबीज आटोपली की मावळे खोक्यात आणि डोंगर उकिरड्यावर. आज मला बोलायचे आहे ते या न हलणाऱ्या फौजेविषयी, आणि अशीच चिमुकली फौज दुसऱ्या मुलखात हलू लागली त्या हकिकतीविषयी. शिक्षक मंडळींनी जरा कान देऊन ऐकावे, कारण शेवटी काम त्यांच्याकडेच येणार आहे.

लुटुपुटीच्या लढाईचा पहिला मोठा खेळ आपल्याच देशातला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेली सेना म्हणजे चतुरंग. त्याच नावाचा खेळ इथून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. आपल्या बुद्धिबळात अजून हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी आहेतच. पण या खेळात एक गोष्ट नाही. त्यात जमीन नाही! चौसष्ट घरे, सारी सारखी. कुठे घाट नाही, ओढा नाही, रान नाही, पाण्याची टंचाई नाही. घोडा चिखलात रुतत नाही आणि प्यादे चढण चढून दमत नाही. आमच्या सह्याद्रीत ज्याने एक उन्हाळा काढला आहे, त्याला सांगायला नको की लढाई निम्मी जमीनच लढते.

हे व्यंग युरोपातल्या लोकांनाही खटकले. जर्मनीतल्या ब्रुन्सविक येथील हेलविग नावाच्या शिक्षकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेहून अधिक घरांचा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, दलदल, पाणी दाखवले. पुढे प्रशियाच्या राज्यातल्या राइसविट्स नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजाला एक मेजच करून दिले. त्यावर डोंगर, नदी, रस्ते, गावे यांचे लहान लहान तुकडे मांडायचे. लढाईगणिक मुलूख नवा. एका अर्थी तो राजवाड्यातला दिवाळीचा किल्लाच म्हणा.

पण खरी करामत केली त्याच्या मुलाने. तो तोफखान्यात अधिकारी होता. १८२४ साली त्याने खेळाचे नियम छापले. पटावरची घरे त्याने काढून टाकली आणि खरा नकाशा पसरला. एक चाल म्हणजे दोन मिनिटे; तेवढ्या वेळात पलटण जितकी चालेल तितकीच सोंगटी सरकवायची. गोळी लागली की चुकली, ते फाशावर. आणि दोन खेळाडूंमध्ये एक पंच. शत्रू कोठे आहे हे दोघांनाही दिसत नाही, ते ठाऊक फक्त पंचाला. खेळाडूने हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि पंचाने सांगायचे, ‘तुमच्या स्वारांना टेकडीमागे धूळ दिसली.’ बस्स, इतकेच! प्रशियाच्या सेनापतींनी हा खेळ फौजेत शिकवण्यासाठी लावला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हा इतर देशांचे डोळे उघडले आणि त्यांनीही तो उचलला. ते पाहायला तो तरुण अधिकारी मात्र नव्हता. १८२७ सालीच त्याने आत्महत्या केली होती.

लष्करातला हा खेळ पोरांच्या हाती आला तो शिशाच्या सैनिकांमुळे. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन नावाच्या कारखानदाराने आतून पोकळ शिपाई ओतायची रीत काढली. शिसे कमी लागले, किंमत उतरली आणि मध्यम घरांत पलटणीच्या पलटणी आल्या. विज्ञानकथा लिहिणारे प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी या शिपायांसाठी नियमांचे पुस्तकच १९१३ साली छापले, ‘लिटल वॉर्स’ म्हणून. चांगले चाळिशी उलटलेले गृहस्थ. पण जमिनीवर पालथे पडून, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाच्या काड्या उडवून शत्रूचे शिपाई पाडीत. त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे त्यांनी बजावले आहे की, ही छोटी लढाई खेळून पाहा म्हणजे खरी लढाई हा केवढा गाढवपणा आहे ते कळेल. पुस्तक निघाले आणि वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले.

पुढे हा छंद वाढतच गेला. १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ नावाचा खेळ निघाला. त्यातल्या फौजा राक्षसांच्या आणि काल्पनिक वीरांच्या. आज जगभर मोठी माणसे इंच-सव्वा इंचाचे शिपाई महिनोन् महिने रंगवीत बसतात. त्यांची रीत ऐकाल तर आपल्या कुंभाराला काही ती परकी वाटणार नाही. आधी सगळ्या अंगाला एकरंगी हात द्यायचा, मग अंगरखा, पागोटे, कातडी पट्टा यांचे रंग भरायचे. त्यानंतर पातळ केलेला काळसर रंग चुण्यांत सोडायचा, म्हणजे सावली पडते. आणि जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलके फिरवायचा, म्हणजे तिथे ऊन पडल्यासारखे दिसते. चेहऱ्याला सर्वांत जास्त जपायचे. आपले मावळे मात्र साच्यातून निघून झटपट रंगतात, मिशी एका फटकाऱ्यात. त्यांत दोष नाही. ते स्वस्त विकायचे असतात. पण घरी आणल्यावर एकेकाला पुन्हा रंगवायला पोराला कोणी अडवले आहे?

आता कामतघरच्या अंगणात परत येऊ. राइसविट्सने केले ते एवढेच, की जमीन आणि नियम एकत्र आणले. बुद्धिबळात नियम आहेत, जमीन नाही. दिवाळीच्या किल्ल्यात जमीन आहे, नियम नाही. मग हे दोन्ही जमवून पाहायला काय हरकत आहे? आणि लढाई शोधायला लांब जायला नको.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पुढे शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला आणि उत्तर कोकणचा हा मुलूख परत मिळवण्यासाठी त्याने कारतलबखान उझबेकाला धाडले. म्हणजे आजच्या भिवंडीच्या वाटेवरचीच ती मोहीम. खानाबरोबर माहूरची रायबागन ही पराक्रमी बाई होती. फौज लोहगडाच्या बाजूने घाट उतरू लागली. महाराजांनी तिला अडवले नाही; खुशाल उतरू दिले. १६६१ च्या फेब्रुवारीत खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीच्या दाट रानात ती पुरती शिरली, तेव्हा पुढची आणि मागची वाट बंद झाली. वारा नाही, पाणी नाही, वरून बाण आणि गोळ्या. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. अखेर रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. सामानसुमान आणि खंडणी ठेवून मोगल जिवानिशी परत गेले.

हा प्रसंग परीक्षेत चार ओळींत लिहिला जातो: ‘महाराजांनी गनिमी काव्याने विजय मिळवला.’ गनिमी कावा म्हणजे काय, हे त्या चार ओळींत कुठेच नाही. तो अंगणात मांडा. दोन बाजूंना चिखलाचे डोंगर, मध्ये चार बोटे रुंद खिंड, झाडीसाठी उगवलेला हळीव. ओढा दाखवायला मागावरचे निळे सूत चालेल, पण तो खिंडीपासून दूर ठेवा. मोकळ्यावर शिपायाने एक वीत चालायचे, रानात चार बोटे, आणि खिंडीत एकामागे एकच. चार चालींत पाणी गाठले नाही तर पुढे निम्मेच चालायचे. मराठे पटावर मांडायचेच नाहीत. ते कोठे दबून आहेत याची चिठ्ठी गुरुजींच्या खिशात. नेम लागला की नाही, ते फाशावर.

पहिली अडचण निराळीच येईल. कारतलबखान व्हायला कोणी तयार होणार नाही! सगळ्यांनाच मावळे हवेत. तरी एका हुशार पोराला खान करावाच, आणि एखाद्या मुलीला रायबागन. बाजारातल्या मातीच्या फौजेत ही बाई मिळायची नाही, तेव्हा ती घरीच घडवून रंगवावी. खान झालेले पोर पहिल्या डावात आकडे मोजील: माझी फौज मोठी, मी जाणार. चौथ्या चालीला त्याच्या ध्यानात येईल की मोठी फौज खिंडीत लांबच लांब होते, आणि शेपटाकडच्यांना पुढे काय चालले आहे याचा पत्ताच नसतो. मग तेच पोर विचारील, ‘गुरुजी, खान याच वाटेने का आला? बोरघाटाने का नाही?’ या प्रश्नासाठी एवढा चिखल कालवला, असे समजा.

एखाद्या डावात फासा उलटा पडेल आणि खान सुटेलही. त्याने मुलांनी हिरमुसू नये, आणि गुरुजींनी फासा पुन्हा टाकू देऊ नये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोगलांनी कल्याण घेतलेच होते, आणि ते पुढे काही वर्षे त्यांच्याकडेच राहिले. हेही त्याच अंगणात सांगून टाकावे, आणि पुढच्या डावात पहिल्या डावातल्या महाराजांना खान करावे.