मोटारीचें दान

दानाच्या बाबतींत आपले पूर्वज उदार होते आणि तितकेच चोखंदळही होते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या आपल्या प्रचंड ग्रंथाचा एक संबंध खंड दानालाच वाहिला आहे. शास्त्रांत सांगितलेल्या सोळा महादानांमध्यें ‘हिरण्याश्वरथ’ नांवाचें एक दान आहे. सोन्याचे घोडे जोडलेला सोन्याचा रथ! हा रथ चालावा अशी कोणाची अपेक्षा नसे. त्यांत सोनें किती, हाच काय तो प्रश्न. आज मी ज्या रथदानाची हकीकत सांगणार आहें तिच्यांत मात्र रथाची किंमत घेणारीनें विचारली नाहीं. इंजिन बळकट आहे ना आणि गाडी आजच मिळेल ना, एवढेंच तिनें पाहिलें. ही हकीकत फ्रान्समधील असून काळ १९१४ च्या शरदृतूचा आहे.

ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें आणि कांहीं आठवड्यांतच जखमी सैनिकांनीं भरलेल्या आगगाड्या पॅरिसकडे येऊं लागल्या. त्या युद्धांतील जखमा पूर्वींच्या लढायांतील जखमांहून निराळ्या होत्या. तोफगोळ्याची कपची शरीरांत शिरतांना आपल्याबरोबर गणवेषाची चिंधी आणि शेतांतली खतावलेली माती घेऊन शिरे. ती लवकर बाहेर निघाली नाहीं तर मांस सडूं लागे आणि हात किंवा पाय कापण्याची पाळी येई. पुष्कळदां तेवढ्यानेंही भागत नसे. कपची कोठें दडली आहे हें कळावें कसें? शल्यवैद्य सळईनें जखम चाचपीत. रंटगेन यानें १८९५ मध्यें क्ष-किरण शोधून काढले होते. म्हणजे उपाय ठाऊक होऊन एकोणीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु तीं यंत्रें मोठ्या शहरांतील इस्पितळांत होतीं आणि जखमी होते आघाडीमागच्या खेड्यांतील शाळांत व देवळांत.

रणांगणावर हे किरण पूर्वीं कोणीं नेलेच नव्हते असें नाहीं. १८९७-९८ मध्यें तेव्हांच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, तिराहच्या मोहिमेंत, बीव्हर नांवाच्या लष्करी डॉक्टरानें असें यंत्र डोंगरांतून नेलें होतें. १८९८ मध्यें सुदानांत बॅटर्सबी यानें तर एक शक्कल लढविली. वीज हवी, ती मिळावी कोठून? त्यानें दोघांनीं चालवावयाची सायकल एका जागीं पक्की बसविली, तिच्या चाकाचा पट्टा डायनामोला जोडला आणि वाळवंटाच्या उन्हांत शिपायांकडून पायटे मारविले! हंसूं येतें खरें. पण साऱ्या प्रश्नाचें मर्म त्या सायकलींत आहे. क्ष-किरणांची नळी हातांतून नेतां येते, तिची वीज नेतां येत नाहीं. जखमी माणसापर्यंत यंत्र न्यावयाचें तर त्याबरोबर विजेचा कारखानाही गेला पाहिजे.

हें मर्म ज्या स्त्रीला उमगलें तिचें नांव मादाम मारी क्यूरी. त्या वेळीं त्यांचें वय ४६ वर्षांचें होतें. १९०३ आणि १९११ अशीं दोन नोबेल पारितोषिकें मिळवून त्या जगद्विख्यात झाल्या होत्या, आणि नुकत्याच बांधून झालेल्या रेडियम-संस्थेंतील बहुतेक सहकारी सैन्यांत निघून गेले होते. संस्थेंत होतें नव्हतें तें एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटींत घालून बाईंनीं आगगाडीनें बोर्दोला सुरक्षित पोंचतें केलें आणि लागलीच त्या पॅरिसला परतल्या. सरकार पॅरिस सोडून बोर्दोला जात असतां ही बाई उलट दिशेनें आली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पारितोषिकाचे पैसे त्यांनीं युद्धकर्जांत घातले. मानचिन्हांचीं सुवर्णपदकेंही वितळविण्यासाठीं त्यांनीं देऊं केलीं. तीं घेण्यास मात्र बँकेचे अधिकारी धजले नाहींत. एवढें सोनें वितळून हातीं येणार तरी किती? जें हवें होतें तें श्रीमंतांच्या मोटारखान्यांत उभें होतें.

बाईंनीं प्रथम पॅरिसमधील प्रयोगशाळांत व यंत्रें करणाऱ्यांकडे क्ष-किरणांचीं यंत्रें किती आहेत याची मोजदाद केली आणि मग मोटारी मागण्यास सुरुवात केली. त्यांची धाकटी कन्या एव्ह हिनें १९३७ मध्यें आईचें चरित्र लिहिलें. त्यांत मार्किझ द गाने आणि प्रिन्सेस म्यूरा या दोन सरदार-घराण्यांतील स्त्रियांनीं आपल्या लिमोझीन गाड्या सर्वांत आधीं दिल्याचें नमूद आहे. युद्ध संपतांच गाडी परत करीन, असें बाई देणाराला वचन देत. मात्र ती तोंवर कामाची राहिली तर, ही पुस्तीही प्रामाणिकपणें जोडीत. पुढें गाडीचें काय होणार हें असें स्वच्छ सांगून दान मागणारे थोडेच.

लिमोझीनच कां? साधी भाड्याची टॅक्सी कां नको? सप्टेंबरांत मार्नच्या लढाईसाठीं पॅरिसच्या टॅक्सींनीं शिपाई वाहिले होते, म्हणून हा प्रश्न मनांत येतो. त्या काळीं उंची मोटारीचा सांगाडा आणि इंजिन एका कारखान्यांत तयार होई आणि वरचा डबा, त्यांतील गाद्या, पडदे व कांचा, दुसऱ्याच कारागिराकडून गिऱ्हाइकाच्या लहरीप्रमाणें बनवून घेतला जाई. असा जड डबा आणि आंतील मंडळी यांना धक्के न बसूं देतां वाहून नेण्यासाठीं सांगाडा भक्कम असे, इंजिनही जोरकस असे. ऐषआरामासाठीं घातलेलें तेंच बळ आतां निराळ्या कामीं आलें. गाद्यांच्या जागीं नळी, पडदा, घडीचें टेबल, कांचेच्या प्लेटींच्या पेट्या, काळे कापड आणि लांब तार आली. गाडी इस्पितळाच्या दाराशीं उभी राही, इंजिन डायनामोला जोडलें जाई, तार खिडकींतून आंत ओढली जाई, आणि सुमारें अर्ध्या तासांत कोणत्याही खोलीचें क्ष-किरणगृह बनत असे. डॉक्टर पडद्यावर हाडाशेजारीं दडलेली कपची पाही. नळी किंचित् सरकवून दुसरी प्रतिमा घेतली कीं दोन छायांमधील अंतरावरून ती किती खोल आहे याचें गणित बसे. शल्यवैद्यांपैकीं कांहींना हें सारें प्रथम थोतांड वाटलें. ज्या जागीं आपण व्यर्थ शोधलें तेथेंच कपची सांपडल्यावर त्यांचा अविश्वास ओसरला.

१ नोव्हेंबर १९१४ रोजीं मादाम क्यूरी आपली सतरा वर्षांची थोरली कन्या इरेन हिला बरोबर घेऊन क्रेय येथील इस्पितळांत गेल्या आणि तेथें जखमींची तपासणी सुरू झाली. सैनिकांनीं पुढें या गाड्यांना ‘छोट्या क्यूरी’ असें लाडकें नांव दिलें. या कामाचें सारें श्रेय एकट्या बाईंना देण्याची एक पद्धत पडली आहे, ती मला बरोबर वाटत नाहीं. लष्कराजवळ स्वतःच्या अशा थोड्या गाड्या होत्याच, आणि आंत्वान बेक्लेर यांनीं कितीतरी डॉक्टरांना हें शास्त्र शिकविलें. बाईंची थोरवी निराळी आहे. सरकारी मंजुरीची वाट पाहत न बसतां गाडी, यंत्र, शोफर आणि पेट्रोल यांची सांगड त्यांनीं घातली.

आपल्याकडूनही त्या वर्षीं एक मोठें दान गेलें होतें. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनीं १९१४ मध्यें ब्रिटिश सैन्यासाठीं मोटार-रुग्णवाहिकांचा एक ताफाच दिला. राजाला शोभेल असेंच तें दान होतें. पण त्या गाड्या जखमीला इस्पितळाकडे नेणाऱ्या होत्या. पॅरिसच्या लिमोझीन इस्पितळाची दृष्टीच जखमीकडे घेऊन जात. दोन्ही लागतात, परंतु दुसरें काय लागतें हें ओळखायला तें शास्त्र जाणणारें माणूसच मागणाऱ्याच्या जागीं असावें लागतें.

एप्रिल १९१५ मध्यें शोफरनें एकदम चाक वळविल्यामुळें बाईंची गाडी चरांत उलटली. त्या पेट्यांच्या ढिगाखालीं दडपल्या गेल्या. स्वतःच्या जखमेपेक्षां प्लेटी फुटल्या असतील याचाच त्यांना संताप आला. बाहेर तो घाबरलेला पोरगा गाडीभोंवतीं फिरत, बाई मेल्या कीं काय, असें खुद्द बाईंनाच हळूच विचारीत होता! १९१६ मध्यें त्यांनीं मोटार चालविण्याचा परवाना काढला. चाक बदलणें, कार्ब्युरेटर साफ करणें हीं कामें त्या कडाक्याच्या थंडींतही स्वतः करीत. यंत्रें हाताळण्यास माणसें पुरेनात, तेव्हां सुमारें दीडशें स्त्रियांना त्यांनीं तें काम शिकविलें. सुमारें २० गाड्या आणि २०० कायमचीं केंद्रें त्यांनीं उभीं केलीं. तेथें तपासलेल्या जखमींची संख्या दहा लाखांवर गेली असें सांगतात.

या दानाचा हिशेब मोटारींवरच थांबत नाहीं. किरणांपासून अंग राखण्याचीं साधनें त्या काळीं फारच अपुरीं होतीं. १९३४ मध्यें मादाम क्यूरी रक्ताच्या विकारानें वारल्या. १९९५ मध्यें त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथेऑनमध्यें हलवितांना तपासणी झाली, आणि त्यांच्या आजाराचें मूळ रेडियमपेक्षां युद्धकाळांतील क्ष-किरणांत असण्याचा संभव अधिक, असा तज्ज्ञांनीं अभिप्राय दिला. इरेनही १९५६ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें गेली.

युद्ध थांबलें तो ११ नोव्हेंबर १९१८ चा दिवस. तोफांचा आवाज ऐकतांच बाईंनीं फ्रान्सच्या ध्वजाचें तिरंगी कापड आणलें, आणि झाडलोट करणाऱ्या बाईच्या मदतीनें संस्थेच्या खिडक्यांसाठीं घाईघाईनें निशाणें शिवलीं. मग त्यांची ती ठेंचाळलेली करडी रेनो गाडी एका नोकरानें पॅरिसच्या रस्त्यांत काढली. प्लास द ला कोंकॉर्दच्या चौकांत गर्दीनें गाडी अडविली. लोक चाकांवरच्या पत्र्यांवर चढले, छपरावर चढले. गर्दींतून वाट मिळतांच गाडी पुढें निघाली. वर चढलेलीं दहाएक माणसें कांहीं उतरलीं नाहींत.