मदत आणि हिशेब : कोलंबिया नदीकाठचं एक डेटा सेंटर

मागच्या व्याख्यानात आपण कापडगिरण्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांचा इतिहास पाहिला. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, मग आजची गिरणी कुठली?" आम्हांला वाटतं, आजची गिरणी म्हणजे डेटा सेंटर. हे व्याख्यान तुमच्या फोनवर येतं ते आकाशातून येत नाही. कुठल्या तरी गावातल्या इमारतीत ते साठवलेलं असतं. तिथे माणसं पाळीवर कामाला जातात, सकाळी डोळे चोळत घरी येतात, त्यांची मुलं गावातल्याच शाळेत शिकतात. अशा एका गावाचा इतिहास आज पाहू. आणि तो पाहताना एकच प्रश्न हाताशी ठेवू. कंपनीने गावाला मदत केली, म्हणजे गावाचं तिच्याकडे असलेलं येणं फिटलं का?

गावाचं नाव द डॅल्स. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी. वस्ती सुमारे १६ हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं लहानसं गाव. नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेलं, नदीच्या खडकाळ पात्रावरून. गावाच्या वरच्या अंगाला सेलायलो नावाचा धबधबा होता. तिथे हजारो वर्षं मूळ रहिवासी लाकडी फळ्यांवर उभे राहून जाळ्यांनी सामन मासे पकडत. दूरदूरच्या जमाती देवाणघेवाणीला तिथे जमत. १८५५ साली अमेरिकन सरकारने याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, युमाटिला आणि नेझ पर्स या लोकांशी करार केले. जमिनी घेतल्या, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क त्यांच्याकडे राहील असं लिहून दिलं.

पुढे काय झालं? १० मार्च १९५७ रोजी द डॅल्सच्या नव्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. हक्क कागदावर राहिला, जागाच उरली नाही. सरकारने नुकसानभरपाईचे पैसे दिले. पण माणसाचं जे बुडालं त्याची किंमत पैशांत मोजली, की ज्याचं बुडालं त्याच्याशी बोलणं संपलं असं देणाऱ्याला वाटू लागतं. हा धडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

धरणामुळे वीज स्वस्त झाली. १९५८ साली तिथे अॅल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. अॅल्युमिनियम वेगळं करायला विजेचा प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून कच्चा माल बाहेरून आणायचा आणि वीज असेल तिथे कारखाना टाकायचा, असं ते गणित. शेकडो घरं त्यावर चालली. मालक बदलले, मधे कारखाना बंद पडला, पुन्हा सुरू झाला. २०००-०१ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात विजेचे दर भडकले, तेव्हा धातू गाळण्यापेक्षा भट्ट्या बंद ठेवणं परवडू लागलं. कारखाना कायमचा थांबला. गाव रिकामं बसलं. वीज मात्र नदीतून वाहतच होती.

त्या काळात गावाने एक शहाणपणाचं काम केलं होतं. शहर आणि काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा, यांनी मिळून सार्वजनिक पैशातून फायबर केबलचं जाळं टाकलं. स्वस्त वीज, थंड हवा, पाणी आणि केबल. २००५ साली कोणा 'डिझाइन एलएलसी' नावाच्या कंपनीने तिथे जमीन घेतली. गावातल्या अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारांवर सह्या केल्या. ती कंपनी म्हणजे गूगल होती, हे गावाला नंतर कळलं. २००६ साली सुरू झालेलं ते केंद्र म्हणजे गूगलने स्वतः बांधलेलं पहिलं डेटा सेंटर.

आत काम काय असतं? लोकांना वाटतं, आत सगळे प्रोग्रॅम लिहिणारेच बसलेले असतात. तसं नाही. हे काम बरंचसं वर्कशॉपमधल्या कारागिराचं आहे. हजारो संगणकांपैकी रोज काही बिघडतातच. तंत्रज्ञ ढकलगाडी घेऊन रांगांमधून जातो, डिस्क बदलतो, केबल तपासतो. निकामी डिस्क जशीच्या तशी भंगारात टाकायची नाही, आतली माहिती कोणाच्या हाती लागू नये म्हणून तिचा चुरा करायचा. पंख्यांच्या आवाजात कानात बोळे घालून काम चालतं. दुसरी फळी विजेची आणि पाण्याची, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पंप, थंड करणारे मनोरे. तिसरी पहारेकऱ्यांची. चोवीस तास, तीन पाळ्या. गावातल्या कम्युनिटी कॉलेजात विजेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामं शिकलेल्या मुलांना घराजवळ नोकरी मिळू शकली. ज्या गावातून मुलं शिकून बाहेर जात होती, तिथे ही गोष्ट लहान नाही.

शिवाय मदत. कंपनीने शाळांना आणि स्थानिक संस्थांना अनुदानं दिली, बाजारपेठेत मोफत वायफायसाठी पैसे दिले. कर्मचारी शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स संघांना शिकवायला जातात. ही माणसं ते मनापासून करतात, त्याबद्दल आम्हांला शंका नाही. ते त्याच गावचे आहेत.

दुसऱ्या बाजूला, गुंतवणुकीसाठी कंपनीला मालमत्ता करात १५ वर्षांची सूट मिळाली. बदल्यात ती ठरावीक रकमा देत होती. म्हणजे जे पैसे कर म्हणून हक्काने यायचे, त्यातले काही करारातून आले, काही देणगी म्हणून आले आणि उरलेले आलेच नाहीत.

आणि मग पाण्याचा प्रश्न आला. २०१२ साली गूगलने आपल्या केंद्रांची छायाचित्रं जगाला दाखवली. त्यातलं एक द डॅल्सचं आहे. थंड करणाऱ्या मनोऱ्यांवरून वाफेचे लोट उठतायत. सुंदर फोटो आहे. पण ती वाफ म्हणजे गावाचं पाणी. ते किती, हे कोणी सांगत नव्हतं. २०२१ साली कंपनीला आणखी इमारती बांधायच्या होत्या, तेव्हा 'द ओरेगोनियन' या वृत्तपत्राने शहराकडे आकडा मागितला. शहर म्हणालं, हे व्यापारी गुपित आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी आकडा द्या असा निर्णय दिला, तर शहरच वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेलं. बघा, नगरपालिका आपल्याच नागरिकांपासून नळाच्या मीटरचा आकडा लपवण्यासाठी भांडतेय! दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये नगर परिषदेने करार मंजूर केला. कंपनीने पाणीयोजनेवर २ कोटी ८५ लाख डॉलर खर्च करायचे आणि जुन्या कारखान्याच्या जमिनीबरोबर आलेले भूजलाचे हक्क शहराला द्यायचे. करार कदाचित चांगलाही असेल. पण तो तपासायला लागणारा आकडाच लोकांकडे नव्हता.

वर्षाहून अधिक काळ भांडण चाललं. डिसेंबर २०२२ मध्ये शहराने माघार घेतली. आकडा निघाला. २०२१ या एका वर्षात साडेपस्तीस कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर. शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, आणि पाच वर्षांत जवळपास तिप्पट झालेला. गंमत अशी, की आकडा बाहेर आल्याने आभाळ कोसळलं नाही. आता कंपनी आपल्या केंद्रांच्या पाण्याचे आकडे दरवर्षी स्वतःच प्रसिद्ध करते. मग ते गुपित होतं कशासाठी?

इथे कांटची आठवण होते. १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्याने एक साधी कसोटी दिली. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेल्या ज्या कृतीमागचं सूत्र उघडपणे सांगता येत नाही, ती कृती अन्याय्य समजावी. आम्ही हे तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. पण एक कबुली दिली पाहिजे. आमच्या महाविद्यालयाला एका कारखान्याच्या देणगीतून अभ्यासिका मिळाली होती. उद्घाटनाला आम्हीच भाषण केलं. त्या कारखान्याचं सांडपाणी कुठल्या ओढ्यात जातं, हे आम्ही कधी विचारलं नाही. कोणी मनाई केली नव्हती. अभ्यासिकेत बसून ते विचारणं बरं दिसलं नसतं, एवढंच. मदतीचा खरा भार हा असतो. घेणाऱ्याची जीभ जड होते.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईला जाणार होती, जमीन मावळ्यांची बुडणार होती. आज नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहतायत. त्यांची वीज कुठल्या धरणाची, पाणी कुठल्या वाटेने येतं, हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे. तो साधा हिशेब आहे.

तिथे नोकरीला लागलेली मुलं कदाचित तुमच्या घरातलीच असतील. त्यांनी शाळेत जाऊन शिकवावं, झाडं लावावीत, जरूर करावं. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, माहिती हा नागरिकाचा हक्क असतो. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. गावाने आभार मानावेत, आणि त्याच सभेत मीटरचा आकडाही मागावा. द डॅल्सला हे शिकायला १७ वर्षं लागली.

पुढच्या वेळी विजेच्या इतिहासाकडे वळू. तोवर आपल्या गावात कोणाची देणगी कोणत्या भिंतीवर कोरली आहे, तेवढं पाहून या.