बेथेल : उंबरठ्यावरची प्रार्थना

१/ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातील जालन्यास गेले. दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवले : बेथेल. त्यांत बहुतेक मांग-महार होते. बेथेल हा हिब्रू शब्द. अर्थ, ‘देवाचे घर’. मंदिराची पायरी ज्यांना निषिद्ध होती, त्यांच्या गावाचे हे नाव.

२/ शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेच्या उपासनेत बायबलमधील १५० स्तोत्रांच्या गायनाला मानाचे स्थान होते. ८४ व्या स्तोत्राचा विषय देवाच्या घराची ओढ हाच आहे. तिथे चिमणीलाही वेदीपाशी घरटे लाभते आणि भक्त देवाच्या उंबरठ्यावर उभे राहण्यात धन्यता मानतो.

३/ उंबरठा म्हटले की पंढरपूरच्या महाद्वारापाशी असलेली चोखोबांची समाधी आठवते. स्वेच्छेने उंबरठ्यावर थांबणे वेगळे आणि तिथेच अडवले जाणे वेगळे.

४/ स्तोत्रे या दोन्ही अनुभवांना शब्द देतात. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते; तरीही ते देवालाच उद्देशून आहे. तक्रार न लपवता देवाशी बोलता येते, हीच स्तोत्रांनी वैयक्तिक प्रार्थनेला दिलेली खोली.