वाकलेली मान आणि पुण्याची व्यायामपरंपरा

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. येथील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारा कारागीर तासन्‌तास मान खाली घालून ठोके देत असतो. पेढीवरील मुनीमही असाच उतरत्या मेजावर वाकून खतावण्या लिहीत असे. खतावणीच्या जागी संगणक व मोबाईल आले. मान मात्र वाकलेलीच राहिली.

हे दुखणे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मान आखडण्यास ‘मन्यास्तंभ’ म्हटले असून दिवसा झोपणे, बसण्या-उभे राहण्याची चुकीची पद्धत ही त्याच्या कारणांत सांगितली आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येस नवे चैतन्य दिले. तालमीत जोर-बैठकांनंतर अंग रगडून घेण्याची रीत होती. व्यायाम व मर्दन ही तेथे एकाच शिस्तीची दोन अंगे होती.

इ. स. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार योग शिकविण्यासाठी पुण्यात आले. दोर, पट्टे, खुर्ची व लोड यांच्या आधारे त्यांनी आसने दुखणाईतांच्याही आवाक्यात आणली. १९७५ मध्ये त्यांची संस्था शिवाजीनगर भागात उभी राहिली. त्याआधी १९६५ मध्ये डॉ. के. एच. संचेती यांनी अस्थिरोग रुग्णालयाची स्थापना केली होती. अय्यंगार पद्धतीची कीर्ती पुढे दूरवर पोहोचली. जर्मनीत मानेच्या जुनाट दुखण्याच्या ५१ रुग्णांवर नऊ आठवडे झालेल्या अभ्यासात (२०१३ मध्ये प्रसिद्ध) या पद्धतीच्या योगवर्गाने, केवळ घरी करावयाच्या व्यायामापेक्षा अधिक आराम दिला.

हस्तोपचारांचे काय? नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सात आठवड्यांनी हस्तोपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के, मुख्यतः व्यायाम करणाऱ्यांपैकी ५१ टक्के, तर केवळ डॉक्टरांच्या नेहमीच्या देखरेखीखालील ३६ टक्के रुग्ण बरे झाले. वर्षअखेरीस मात्र हे अंतर बरेच कमी झाले. विशेष म्हणजे त्या हस्तोपचारात मानेस झटका दिला जात नव्हता; सांधे हळुवारपणे हलविले जात.

येथेच एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. केशकर्तनालयात मालीश करताना ‘मान मोडून’ घेण्याची हौस अनेकांना असते. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस क्वचित इजा होते व पक्षाघातही ओढवू शकतो. हातास मुंग्या वा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, ताप किंवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास प्रथम डॉक्टरांनाच दाखवावे.

जाणकाराचा हात वेदना हलकी करतो. ती परतू नये यासाठी मात्र हनुवटी आत घेणे, खांदे मागे फिरविणे, मानेचे व पाठीचे स्नायू बळकट करणे आणि कामातून अधूनमधून उठणे, हे ज्याचे त्यानेच नित्य करावयाचे असते. तालमीच्या तांबड्या मातीने पुण्याला हाच धडा दिला आहे. रगडणारा दुसरा असला, तरी जोर ज्याचे त्यालाच काढावे लागतात.