भातामागचा वाल

कोकणच्या शेतीचा इतिहास म्हणजे भाताचा इतिहास, असे आपण सहसा गृहीत धरतो. सरकारी दप्तरे भाताची, सारा भातावरचा, भांडणे भातजमिनीची. भात कापून झाले की शेताकडे आणि शेतकऱ्याकडेही लिहिणाऱ्याची पाठ फिरते. पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात भाताच्या कापणीनंतर आणखी एक पीक उभे राहते. त्याला पाऊस लागत नाही, पाट लागत नाही. ते पीक म्हणजे वाल. कमी प्रमाणात कुळीथ, बांधावर तूर, वरकसात उडीद. या कडधान्यांचे दाणे जमिनीत कसे टाकले जातात, या एका छोट्या प्रश्नामागे मी गेली काही वर्षे आहे. पेरणीची पद्धत हा कृषी-विस्तार अधिकाऱ्यांचा विषय मानला जातो. माझ्या मते तो इतिहासाचा विषय आहे, आणि या दोन तालुक्यांत तर तो थेट खोतीच्या इतिहासाला जाऊन भिडतो.

आधी जमीन समजून घेऊ. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या काठी सखल खाचरे आहेत. वर डोंगरउतारावर वरकस जमीन आहे. तिच्यात नाचणी, वरी आणि त्यांच्या जोडीला उडीद. पावसाळ्यात येथे ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर जूनपर्यंत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे भातानंतरचे पीक जगते ते फक्त जमिनीत मुरलेल्या ओलीवर. हळवे भात आधी कापले जाते, निमगरवे त्यानंतर, गरवे सर्वांत शेवटी. हळव्याचे खाचर लवकर मोकळे होते पण उंचावरचे असल्याने लवकर सुकते. गरव्याच्या खाचरात ओल टिकते पण ते हाती येईपर्यंत थंडी सुरू झालेली असते. या दोहोंच्या मध्ये वाफसा धरून दाणा टाकायचा. ही संधी थोड्या दिवसांची असते, आणि नेमके त्याच दिवसांत कापणी, भारे बांधणे, उडव्या रचणे आणि झोडणी ही सगळी कामे घरावर कोसळलेली असतात.

दाणा टाकण्याचे तीन मार्ग. पहिला, मुठीने फेकणे. पूर्व विदर्भात लाखोळी उभ्या धानातच फेकतात. छत्तीसगडात याला उतेरा म्हणतात, बिहार-बंगालकडे पैरा. दुसरा मार्ग नांगरामागे तासात दाणा सोडत जाणे. आणि तिसरा टोकण: ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात एक-दोन दाणे घालून ते मातीने बुजवणे.

तिन्हींची फळे वेगळी. फेकलेला दाणा काही ठिकाणी दाट पडतो, काही ठिकाणी पडतच नाही. वर राहिलेला पाखरे टिपतात किंवा तो सुकून जातो. नांगरामागचा दाणा ओलीत पोचतो, पण नांगराने उलटलेली माती उघडी पडून तिची ओल उडते, आणि या पिकाचे सारे भांडवल ती ओलच असते. टोकणीत माती हलत नाही, दाणा हव्या त्या खोलीवर बसतो, प्रत्येक झाडाला सारखी जागा मिळते आणि बियाणेही कमी लागते. कागदावर पाहिले तर निवाडा सरळ आहे. मग शतकभर ज्यांनी वाल पिकवला, त्यांच्यापैकी इतक्यांनी फेकणे आणि नांगरामागे सोडणे का पत्करले? याचे ठरलेले उत्तर असे, की कोकणी शेतकरी जुन्याला चिकटलेला, कष्टाला कंटाळणारा. हे उत्तर मला कधीच पटले नाही. जो माणूस चिखलात वाकून रोप अन् रोप हाताने लावतो, तो वाकायला कंटाळतो असे कसे म्हणता येईल?

म्हणून मी हिशेब मांडला. तो नमुन्याचा आहे, पण प्रत्येकाला आपल्या गावचे आकडे घालून पाहता येईल. २५ सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटर अंतराने टोकण केली तर एका गुंठ्यात सुमारे १,६२० आणि एकरात सुमारे ६४,७५० भोके पडतात. अंतर ३० बाय ३० केले तरी ४५,००० च्या आसपास. मिनिटाला दहा भोके पाडून दाणा घातला आणि दिवसाचे सहा तास हात न थांबता चालला, तर २५ सेंटिमीटरच्या टोकणीला एकरी १८ माणूस-दिवस लागतात. नांगरामागे दाणा सोडायला २ दिवस धरू. फरक १६ दिवसांचा. आता दिवसाच्या मजुरीला ३ किलो वाल येतो असे समजू. (पैशांऐवजी धान्यात मोजले की हिशेब जुन्या काळालाही लावता येतो.) म्हणजे टोकणीचा जादा खर्च ४८ किलो वाल. नांगराचा खर्च वाचतो, बियाणे वाचते, ते ज्याने त्याने वजा करावे. समजा टोकणीमुळे एकरी ७० किलो वाल जास्त आला. जमीन स्वतःची असेल तर ४८ किलोचे कष्ट वजा जाता २२ किलो शिल्लक राहिले. टोकण फायद्याची.

आता याच हिशेबात खोत आणू.

महाड-पोलादपूरचा भाग जुन्या कुलाबा जिल्ह्यातला. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. रत्नागिरीप्रमाणे येथेही खोती गावे होती. खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून धान्याचा वाटा घेई. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द त्या वाटणीतूनच आले: निम्मा वाटा किंवा तिसरा हिस्सा. प्रमाण गावागणिक, जमिनीगणिक आणि कुळागणिक बदलत असे. काही ठिकाणी उभ्या पिकाचा अंदाज घेऊन वाटा ठरे. त्याला अभावणी म्हणत. पीक चांगले दिसले की मागणी वाढे. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना कायद्याची चौकट मिळाली, पण वाटणीचे मूळ तत्त्व कायम राहिले.

आता वरचा हिशेब अर्धेलीच्या कुळासाठी पुन्हा करू. जादा ७० किलोपैकी ३५ किलो खोताच्या कणग्यात गेले. कुळाच्या हाती ३५ उरले, आणि कष्ट ४८ किलोंचे. म्हणजे १३ किलोंचा तोटा. जमीन तीच, बियाणे तेच, हात तेच, उत्पन्नातली वाढही तीच. तरी मालकाला जी पद्धत २२ किलो मिळवून देते, ती कुळाला १३ किलोंनी बुडवते. कुळाला टोकण परवडायची तर वाढ ७० नव्हे, ९६ किलोंच्या वर हवी. अशा स्थितीत मुठीने दाणा फेकून झोडणीच्या कामाला लागणारा कुळवाडी अडाणी ठरत नाही. त्याला हिशेब येत होता. त्याच्या अडाणीपणाचा शेरा लिहिणाऱ्यांना मात्र तो आला नाही.

हा विचार माझा एकट्याचा नाही. वाटेकरी पद्धतीत जमीन सुधारण्याचा उत्साह मरतो, हे ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात युरोपातल्या वाटेकऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे. ॲल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये त्याला अर्थशास्त्राची मांडणी दिली. पुढे त्यावर बराच वाद झाला, कारण मालकाची देखरेख, कर्ज, जोखीम अशा पुष्कळ गोष्टी त्यात येतात. पण त्या चर्चेत सहसा खताचे, विहिरीचे किंवा बांधबंदिस्तीचे उदाहरण असते. वालाच्या एका दाण्यासाठी पाडलेल्या भोकालाही तोच नियम लागतो, हे मला या मातीत कळले.

महाडचे नाव आपण २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. पण त्या लढ्याची एक शाखा थेट शेतात जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप चालला होता. खोती नष्ट करणारा कायदा आला तो १९४९ मध्ये. कूळकायदा १९४८ चा, आणि कुळाला मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. या तारखा आपण न्यायाच्या तारखा म्हणून वाचतो. त्या पेरणीच्याही तारखा आहेत. त्या दिवसानंतर, कागदोपत्री तरी, भोक पाडणाऱ्याला भोकाचा पूर्ण दाणा मिळू लागला.

मग टोकण सर्वत्र का पसरली नाही? कारण दाण्याचा हिशेब एका वाटेकऱ्यातून सुटला आणि दुसऱ्या अडचणीत सापडला. स्वातंत्र्यानंतर शेतीखात्याचे सारे लक्ष भातावर होते. १९५० च्या दशकात जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम निघाली. ओळीत लावणी, मोजके अंतर. पुढे डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री आली. तिच्यातही अंतराचा काटेकोर विचार आहे. पण तो भाताच्या रोपाचा. वालाला अंतर असते, हे ठसवायला तशी मोहीम कधी निघाली नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, त्याने वालाचे सुधारित वाण दिले, लागवडीच्या शिफारशी दिल्या. तोवर घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि नंतर कारखान्यांत गेला होता. मागे राहिलेल्या बाईने भात काढायचे, झोडायचे आणि त्याच पंधरवड्यात एकरी ६४,७५० भोके पाडायची. शिवाय भात निघाले की गुरे मोकाट सोडण्याची चाल. एकट्याने वाल केला तर एकट्यानेच राखण करायची. वाल करायचा तर वाडीने मिळून करायचा. आता गुरे कमी झाली तर पोलादपूरच्या डोंगरकुशीत रानडुकरे आणि वानरे आहेत.

गेल्या दशक-दीड दशकात रायगडमधूनच एक वेगळी वाट पुढे आली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र. त्यात कायमचे गादीवाफे करतात, चिखलणी नाही, रोपे उपटून लावणी नाही. लोखंडी साच्याने अंतर आखून भात टोकायचे, कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवायची, आणि त्याच वाफ्यावर न नांगरता वाल किंवा दुसरे कडधान्य टोकायचे. याचे महत्त्व मला वालाच्या बाजूने वाटते. चिखलणीने जमिनीची घडण मोडते. भात निघाल्यावर तीच माती कडक होते, भेगाळते, आणि वालाचे मूळ खाली जायला धडपडते. म्हणजे वालाचे उत्पन्न नोव्हेंबरात ठरत नाही. ते जून-जुलैमध्ये, भात कसे लावले यावर ठरते. आपण शतकभर दोन पिकांचे दोन हिशेब ठेवत आलो, जमीन मात्र एकच हिशेब ठेवते. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे जर्मनीतल्या हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केले. त्याचा काही लाभ पुढच्या भाताला मिळतो, तोही त्याच वहीत लिहायला हवा.

या तंत्राचीही किंमत आहे. चिखलणी गेली की तण येते, आणि ते आवरायला तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. बाईच्या कमरेचे कष्ट वाचले, पण खर्च दुकानाकडे वळला. कोणता सौदा बरा, हे ज्याच्या त्याच्या खाचरात ठरेल. तो ठरवताना घरच्या बाईचे दिवस शून्य किमतीचे धरू नयेत, एवढेच माझे म्हणणे. नफ्याच्या बहुतेक कोष्टकांत ते तसेच धरले जातात, आणि मग टोकण दिसते त्याहून स्वस्त वाटते. खोताचा वाटा निदान सर्वांना दिसत तरी होता.

राहिला भाव. केंद्र सरकार डाळींमध्ये किमान आधारभूत किंमत जाहीर करते ती तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाचांची. वाल त्यात नाही, कुळीथही नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हाही ही यादी बदलली नाही. कडव्या वालाचे बिरडे ज्यांच्या घरी सणाला लागते, पोपटीसाठी जे शेंगांची वाट पाहतात, ते गिऱ्हाईक पक्के आहे. पण पिकवणाऱ्याला खालचा आधार नाही. पेरणीची पद्धत बदलून एकरी अर्धा मण वाल वाढवता येतो की नाही, यावर प्रयोग होत राहतील. वाढलेला दाणा कोणाच्या कणग्यात जातो, हा प्रश्न १९३८ च्या मोर्चातल्या माणसांनी विचारला होता. महाडच्या बाजारात वालाचा भाव करताना तो आजही विचारावा लागतो.